अकरा र आणि उष्टा पेरू

माझ्या हातून आजवर एकही वाकडा बोल्ट कारखान्याबाहेर गेलेला नाही! मी स्वतःच सांगतोय म्हणून सोडून देऊ नका, पिंपरीत कुणालाही विचारा. मी तपासणी खात्यात आहे. आमच्या हातात एक पोलादी गेज असतं. बोल्ट त्यात गेला तर पास. अडला तर त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका, आणि बोल्ट डब्यात! तिथे रडारड नाही, वशिला नाही. एकदा फोरमन यशवंतरावांनी स्वतः बनवलेला बोल्ट मी त्यांच्या देखत लाल केला होता. त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, पण नियम म्हणजे नियम.

अशा माणसाच्या घरात सत्तावन्न सालच्या जानेवारीत जे घडलं, ते आता तुम्हाला सांगतो.

आम्ही मूळचे कोरेगावचे. कारखान्यात लागलो आणि पिंपरी गावात सोपानरावांच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. चाळ म्हणजे सोपानरावांच्या शेताच्या बांधावर ओळीनं घातलेली आठ खोल्यांची पत्र्याची रांग. घरात मी, बायको सुमन आणि मुलगी इंद्रायणी. इंदू सवाचार वर्षांची. ही मुलगी सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची आणि रात्री तोंड मिटायच्या आधी डोळे मिटायची. मधला सगळा वेळ बोलणं! कोंबडीशी, बादलीशी, भिंतीशी, कुणाशीही.

त्यामुळे यशवंतरावांनी खात्यात येऊन, "सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर कामगारांच्या एखाद्या मुलानं साहेबांचं स्वागत करायचंय. तीनच वाक्यं. कुणाचं मूल धीट आहे?" असं विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या कुणाला तोंड उघडूच दिलं नाही.

"माझी इंदू बोलेल!"

"तीनशे माणसं असतील, अर्जुनराव."

"तीन हजार आणा!"

यशवंतरावांनी वाक्यं लिहिलेला कागद दिला. मी घरी येऊन ऐटीत तो वाचून दाखवला. "आदरणीय साहेब, सर्वांना नमस्कार. प्रजासत्ताक दिनानिमित्त आमच्या कारखान्याच्या परिवारातर्फे मी आपले हार्दिक स्वागत करते. भारत माता की जय! हं, म्हण इंदू."

इंदूनं हात जोडले आणि एका दमात म्हटलं, "आदलनीय साहेब, सल्वांना नमस्ताल. पजासत्तात दिनानिमित्त आमच्या तालथान्याच्या पलिवालातल्फे मी आपले हाल्दित स्वादत तलते. भालत माता ती जय!"

सुमननं टाळ्या वाजवल्या. "एकदा ऐकून पाठ! बघा तरी!"

पण मी बघत नव्हतो, मी ऐकत होतो. सवाचार वर्षं ही मुलगी माझ्या घरात बोलत होती, आणि तिच्या तोंडात र नाही, क नाही, ग नाही, हे माझ्या, म्हणजे तपासणी खात्यातल्या माणसाच्या, लक्षातच आलं नव्हतं! मी पेन्सिल घेतली. कागदावर अकरा र होते आणि सहा क. माझ्या डोळ्यांपुढे सतरा लाल ठिपके नाचायला लागले.

"अहो, लहान आहे ती," सुमन म्हणाली. "येईल आपोआप."

"आपोआप? आपोआप काही येत नसतं! बोल्टाला आटे आपोआप पडतात का?"

"ती बोल्ट नाही."

हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी त्या वेळी मजकूर बदलण्यात गुंतलो होतो. र, क, ख, ग, ट यांतलं एकही अक्षर नसलेलं स्वागत लिहायचं! दोन तास खपून मी लिहिलं, "साहेब, या. बसा. आज सण आहे. आम्ही आनंदी आहोत. जय हिंद!"

दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी ते वाचलं. "अर्जुनराव, हे स्वागत आहे की तार?"

मजकूर बदलणार नाही, असं त्यांनी बजावलं. मग माल दुरुस्त करणं एवढाच मार्ग उरला.

मी एक वही आखली. रोज संध्याकाळी सहा वाजता तपासणी. ताटात दहा वस्तू ठेवायच्या. दोरा, गाजर, कंगवा, साखर, करवंटी वगैरे. इंदूनं नावं सांगायची. उच्चार बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकला तर लाल. पहिल्या दिवशी तिला तो खेळ वाटला. "दोला! दाजल! तंदवा! साथल!" ती उड्या मारत सांगत होती आणि मी लाल खुणा करत होतो. दहापैकी शून्य.

"बाबा, लाल छान दिसतंय!" ती वहीत डोकावून म्हणाली.

"लाल म्हणजे चूक, इंदू."

पोरगी हुशार. तिसऱ्या दिवशी तिनं वेगळाच मार्ग काढला. मी दोरा उचलला, तर म्हणाली, "सुईत असतं ते." साखर दाखवली, तर म्हणाली, "चहात असतं ते." गाजराला तर नुसतंच, "लांब लांब!" नडणारं अक्षर असलेला शब्दच तोंडात येऊ द्यायचा नाही! मी वहीत लिहिलं, "उत्तर बरोबर, उच्चार टाळला. गुण शून्य."

मग मी पुढची पायरी गाठली. एकट्याच्या तपासणीवर भरवसा नसेल तर आमच्या खात्यात चार जणांना दाखवतात. मी चाळीला बोलावलं. शेजारच्या रुक्मिणीबाई आल्या, राजापूरकडच्या. पलीकडच्या खोलीतले उद्धवराव आले, बीडकडचे, आमच्याच कारखान्यात लेथ मशीनवर होते. आणखी पाच-सहा जण दारात उभे राहिले. इंदूला मी स्टुलावर उभं केलं.

"हं, पूर्ण नाव सांग."

इंदूनं सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "इंदलायनी."

सगळे हसले. वाईट कुणी हसलं नाही, गोड वाटलं म्हणूनच हसले. पण मी म्हणालो, "पाहिलंत? स्वतःचं नावसुद्धा धड नाही!"

इंदूनं तोंड मिटलं. स्टुलावरून उतरली, आईच्या पदराखाली गेली, आणि बोलायची बंद झाली. मला वाटलं, रुसली असेल, जेवणापर्यंत बोलेल. जेवली, पण बोलली नाही. सकाळी उठली, बादलीपाशी उभी राहिली, बादलीशीही बोलली नाही! पाणी हवं असेल तर तांब्या आणून द्यायची. कोंबडीला नुसतं हातानं हाकलायची. त्या दिवशी चौदा तारीख होती, आणि संक्रांतीचा तिळगूळ तिनं मुकाट खाल्ला. तिळगुळासोबत कुणी काही म्हणायला लावेल म्हणून आधी चार घरं सोडून लांब उभी राहिली होती. हे सुमननं पाहिलं आणि मला दाखवलं. मला फार लागलं ते. आजही लागतं.

रात्री सुमन म्हणाली, "तुमच्या वहीनं माझ्या पोरीची वाचा घालवली. ती बोलेपर्यंत मीही तुमच्याशी बोलणार नाही."

आणि खरंच बोलली नाही! घरात दोन बायका, आणि आवाज फक्त स्टोव्हचा. मला काही सांगायचं असलं की ती भिंतीवर दोन टकटक करायची. "रुक्मिणीबाई, त्यांना सांगा, भाकरी झाकून ठेवलीय." पलीकडून रुक्मिणीबाई ओरडायच्या, "अर्जुनराव, भाकरी झाकून ठेवल्येय हो!" पत्र्याची भिंत आमच्या आणि रुक्मिणीबाईंच्या खोलीमध्ये होती, नवरा-बायकोत नव्हे, तरी निरोप तिथून फिरून यायचा. मी वही चुलीत घातली. पण वही जळाली म्हणून इंदू काही बोलली नाही.

आता भीती वाटायला लागली. सव्वीस जानेवारी गेली खड्ड्यात, माझी मुलगी बोलली पाहिजे!

"तिला राघूचा उष्टा पेरू द्या," रुक्मिणीबाईंनी उपाय सांगितला. "आमच्याकडे बोलत नसलेल्या पोरांना तोच देतात. राघूनं चोच मारलेला. जीभ मोकळी होते हो!"

मी एरवी असल्या गोष्टींना हसतो. पण आठ दिवस घरात स्टोव्हचाच आवाज ऐकलेला माणूस हसत नाही. रविवारी दुपारी मी उद्धवरावांना घेऊन सोपानरावांच्या मळ्यात गेलो. विहिरीपाशी पेरूची दोन झाडं होती आणि त्यांच्यावर पोपटांचा गोंधळ चालला होता. मी पँट गुडघ्यापर्यंत वर करून चढलो. उद्धवराव खाली टॉवेल पसरून उभे राहिले.

"ते वरचं बघा, सायेब! ते अर्धं खाल्लंय!"

"पण कुणी खाल्लंय? पोपटानं की खारीनं?"

"आता ते म्या कसं सांगू?"

तेवढ्यात सूंऽऽ करून काहीतरी माझ्या कानापासून गेलं आणि फांदीवर आपटलं. गोफणीचा दगड! पलीकडच्या ज्वारीत माळ्यावर बसून सोपानराव पाखरं राखत होते.

"कोन हाय रं त्यो झाडावर?"

"मी अर्जुनराव! तुमचा भाडेकरू!"

"मला वाटलं वानर हाय!" सोपानराव गोफण घेऊन खाली आले. "पेरू पायजे व्हता तर मागायचा व्हता की! आमच्या कारभारनीनं, छबूबाईनं, पाटीभर दिलं असतं!"

"चांगला नको होता, सोपानराव! पोपटानं खाल्लेला पाहिजे!"

सोपानरावांनी गोफण खांद्यावर टाकली. मग त्यांनी उद्धवरावांना विचारलं, "थंडीतबी ऊन लागतंय व्हय?"

मी खाली उतरून सगळी हकिकत सांगितली. वहीचंही सांगितलं. सोपानरावांनी तंबाखू मळत ऐकून घेतली. "अवो, कणसात दाना त्याच्या येळंला भरतोय. तुमी रोज दाबून बघाया लागला तर त्यो भरायचा कवा? माजा थोरला सात वर्साचा हुईस्तवर 'भाकली' म्हणायचा भाकरीला. आता तालुक्याला वकिलाबर भांडून येतोय."

मला शेतीतलं कळत नाही, असं म्हणून मी विषय बदलला. टॉवेलात नऊ पेरू जमले होते. मी ते एकेक करून तपासले. चोचीची खूण तिरपी असते, खारीच्या दातांची बारीक असते. तीन पास झाले. सहा मी रिजेक्ट केले, ते उद्धवरावांनी उभ्या उभ्या खाल्ले.

इंदूनं तीनही पेरू संपवले आणि आणखी हवेत म्हणून हात पुढे केला. तोंड फक्त चावायला उघडलं.

पंचवीस तारखेला संध्याकाळी उद्धवराव चाकणच्या बाजारातून एक पुडी घेऊन आले. आत बोटाएवढी मुळी होती. "अक्कलकारा हाय. जरासा उगाळून मधातून जिभंला लावायचा. मह्या आज्यानं किती लेकरं बोलती केली! पण जरासाच, सायेब. लई जालीम ऱ्हातंय."

भिंतीवर जोरात टकटक झाली. "रुक्मिणीबाई, त्यांना सांगा, पोरीच्या जिभेला काहीही लावलंत तर मी उद्याच कोरेगावला जाईन!"

मी ठरवलं. न तपासलेला माल मी कधीच पुढे पाठवत नाही. आधी स्वतःवर चाचणी! सव्वीसच्या सकाळी आंघोळ झाली, पांढरा शर्ट घातला, आणि घाईत उगाळायला सहाण सापडेना म्हणून मुळीचा अर्धा तुकडा तोडून सरळ चावला.

आधी काहीच झालं नाही. मग जिभेवर मुंग्या आल्या. मग मुंगळे आले. मग तोंडाला असं पाणी सुटलं की नळ उघडा राहिलाय असं वाटावं. आणि मग जीभच गेली! होती तिथेच, पण माझी राहिली नव्हती. मी सुमनला सांगायला गेलो, "मला काहीतरी होतंय," आणि माझ्या तोंडून आलं, "मया याईतयी ओतय."

सुमननं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिनं भिंतीवर टकटक केली. "रुक्मिणीबाई, त्यांना सांगा, तोंड पुसा."

आम्ही कारखान्यावर पोचलो तेव्हा झेंडा वर गेला होता. मैदानात तीनशे माणसं, पुढे टेबल, टेबलामागे साहेब. साहेब बंगाली. मराठी समजायचं, बोलायला यायचं नाही. इंदू माझ्या बोटाला धरून, सुमन बायकांच्या रांगेत. मी धावत यशवंतरावांकडे गेलो. इंदू बोलणार नाही, दुसरं कुणी मूल बघा, एवढंच सांगायचं होतं. ती बोलेल या आशेवर मी ते आधी सांगितलं नव्हतं.

"इंदू मोअयाय आई!" मी म्हणालो.

"हो हो, तुमचाच नंबर! चला!" म्हणत यशवंतरावांनी आम्हा दोघांना धरून टेबलापुढे उभं केलं.

इंदूनं त्या गर्दीकडे पाहिलं आणि माझं बोट इतकं घट्ट धरलं की मला माझ्या जिभेचा विसर पडला. तिला त्या स्टुलावर मीच उभं केलं होतं आणि इथेही मीच आणलं होतं. मग मी ठरवलं, आपणच बोलायचं. तिचं हसं होण्यापेक्षा माझं झालेलं बरं!

मी हात जोडले. "आयअईय थायेय, थव्वांया अमत्ताय!"

माझ्या शर्टावर लाळ ओघळली. मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग तीनशे माणसं हसली. यशवंतरावांनी तर रुमालात तोंड लपवलं. एक बोल्ट लाल केल्याचं त्यांनी त्या दिवशी व्याजासकट वसूल केलं.

मी खाली पाहिलं. इंदू मान वर करून माझ्याकडे बघत होती. डोळे हे एवढे मोठे. तिनं माझा शर्ट ओढला.

"बाबा, तुम्हाला पन येत नाही?"

बारा दिवसांनंतरचे पहिले शब्द! मी मान हलवली. येत नाही.

"थांबा हं," ती म्हणाली. "मी सांदते."

आणि माझा हात सोडून दोन पावलं पुढे जाऊन तिनं खणखणीत आवाजात सुरू केलं. "आदलनीय साहेब, सल्वांना नमस्ताल!" एकही शब्द विसरली नाही. "भालत माता ती जय!" झालं तेव्हा सगळं मैदान "जय!" म्हणून गरजलं. टाळ्या पडल्या. तिथे तिनं थांबायला हवं होतं. पण बारा दिवसांचं बोलणं साठलेलं!

"आनि माझे बाबा झादावल चधले! पोपताचे पेलू चोलले! सोपानआबांनी दोफन माल्ली! आनि आई बाबांशी बोलत नाही! भिंतीशी बोलते!"

मी जमिनीत गडप व्हायला जागा शोधत होतो. तीनशे माणसं हसून हसून वाकली होती, आणि त्या गडबडीतही एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अकरा र होते, त्यातला एकही आला नव्हता. सहापैकी एकही क आला नव्हता. आणि एकाही माणसाला एकही शब्द अडला नव्हता! उद्धवरावांनी तर मला लांबूनच खूण केली, अक्कलकारा कामी आला म्हणून.

साहेबांनी इंदूला जवळ बोलावून पेढ्यांचा पुडा दिला. मग यशवंतरावांकडे वळून म्हणाले, "बच्ची का तो सब समझ में आया. लेकिन फादर कौनसी भाषा में बोला?"

घरी येताना इंदू सगळ्या रस्त्यानं बोलत होती. खांबाशी, बैलाशी, पेढ्यांशी. सुमन माझ्या शेजारून चालत होती. चाळीच्या तोंडाशी आल्यावर ती थेट माझ्याशी बोलली, भिंत नसताना. "उद्यापासून तिचं काही तपासायचं नाही."

"आई," मी म्हणालो. म्हणजे "नाही." जीभ दुपारपर्यंत परत आली नाही.

मी शब्द पाळला. अवघड गेलं, पण पाळला. ती "दाजल" म्हणाली की मीही आपली मुकाट्यानं गाजराची पेंडी पुढे करायचो. होळीच्या सुमारास कधीतरी क आला. कुठल्या दिवशी ते मला माहीत नाही, कारण मी नोंद ठेवली नव्हती. ग त्याच्यामागून आला. र मात्र पावसाळा संपला तरी आला नाही, आणि मी विचारलंही नाही.

मग दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी मी घरी यायला दोन तास उशीर केला. कारखान्यातून सुटून मी उद्धवरावांबरोबर चिंचवडला तालमीत कुस्त्या बघायला गेलो होतो, आणि घरी मात्र ओव्हरटाइम आहे असा निरोप धाडला होता. चाळीपाशी पोचलो तर इंदू दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"बाबा, उशीर झाला."

मी जागच्या जागी थांबलो. र! स्वच्छ, गोल, धारदार र! कुठल्याही गेजमधून सरळ आरपार जाईल असा! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"उशीर झाला! बाकीचे सगळे कधीच घरी आले! आई रागावलीय! ओव्हरटाइम नव्हताच!"

"पुन्हा! मोठ्यानं!"

"आई रागावलीय! ओव्हरटाइम नव्हताच!"

"अजून एकदा, बाळा! सगळ्यांना ऐकू जाऊ दे!"

सगळ्यांना ऐकू गेलं. आठही खोल्यांची दारं उघडली. आतून सुमनही बाहेर आली. इंदूचा एकही र चुकला नव्हता, आणि त्या रात्री भाकरी झाकून ठेवलीय की नाही, हे मला रुक्मिणीबाईंनीसुद्धा सांगितलं नाही.